बॅरन बेटावर लाल लाव्हा हमखास दिसतो का?

डिचोलीच्या एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी विचारलं आहे. ते, त्यांची पत्नी आणि बारा वर्षांचा नातू असे तिघं चवथीच्या सुट्टीत अंदमानला जाणार आहेत. तिथल्या एका एजंटाने बॅरन या ज्वालामुखी बेटाची जहाजफेरी सुचवली आहे. पैसे बरेच मागतो, पण ‘लाल लाव्हा हमखास दिसतो’ असं सांगतो. लाव्हा खरंच दिसेल का, बेटावर उतरता येईल का, नातवाला थोडा दम्याचा त्रास आहे तर न्यावं का, असे त्यांचे प्रश्न आहेत. नातवाचा प्रश्न वेगळाच आहे. हणजूणच्या किनाऱ्यावरचा काळा, भोकाभोकांचा दगड म्हणजे लाव्हा, असं त्याला कुणीतरी सांगितलं आहे. मग गोव्यातही कधी ज्वालामुखी फुटेल का?

निर्णय अडून राहू नये म्हणून दोन गोष्टी आधीच सांगतो. ‘हमखास’ हा शब्द कुठल्याही ज्वालामुखीच्या बाबतीत कुणालाच वापरता येत नाही. आणि चवथीच्या दिवसांत ही फेरी करूच नका. आता कारणं सांगतो.

मी भूविज्ञानातला माणूस. उमेदीची वर्षं खनिजाच्या शोधकामात गेली, पुढे विद्यार्थ्यांना घेऊन गोव्यातल्या सत्तरी तालुक्यापासून इंडोनेशियापर्यंत डोंगर दाखवत फिरलो. बॅरन बेट मी जहाजावरून पाहिलं आहे, धुमसताना आणि अगदी गप्प असतानाही. दोन्ही वेळा माझं समाधान झालं. पण सोबतच्या काहींची दुसऱ्या खेपेला फार निराशा झाली. त्या निराशेचं कारण मला तुमच्या प्रश्नातही दिसतं. लाव्हा दिसेल का, हे तुम्ही विचारता. पण लाव्हा दिसला नाही तर तिथे पाहायला काय उरतं, हे ठाऊक नसेल तर सगळी फेरी नशिबावर सोडल्यासारखी होते. पैसे वसूल होतील की नाही, हे ठरणार आहे ते याच गोष्टीवर.

जागृत ज्वालामुखी म्हटलं की अखंड आग ओकणारा डोंगर डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात फार थोडे ज्वालामुखी तसे असतात. बॅरन बेटाच्या उद्रेकाची पहिली नोंद 1787 सालची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते अधूनमधून पेटत राहिलं आणि मग दीडशेहून अधिक वर्षं शांत झालं. इतकं शांत की ते विझलं असंच लोकांनी गृहीत धरलं होतं. 1991 मध्ये ते पुन्हा पेटलं आणि लाव्हा थेट समुद्राला मिळाला. 1994-95 मध्ये पुन्हा उद्रेक झाला. 2005 च्या मे महिन्यापासून तर त्याची धुसफूस अधूनमधून चालूच आहे. डिसेंबर 2004 च्या त्या महाभूकंपाने त्याला जाग आणली असावी, असं मानणारे अभ्यासक आहेत. काळ जुळतो खरा, पण तेवढ्यावरून तो संबंध सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं इतकंच, की हा डोंगर काही आठवडे सक्रिय असतो, काही महिने मुका असतो, आणि तुमच्या तिकिटाच्या तारखेशी त्याचा काही संबंध नसतो.

आता वेळेबद्दल. इथे आपल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा अनुभव उपयोगी पडेल. जानेवारी 2017 मध्ये संस्थेचा चमू अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखाली ‘सिंधु संकल्प’ जहाजावरून अंदमानच्या समुद्रात तळाचे नमुने गोळा करत होता. 23 जानेवारीला ते बॅरन बेटाजवळ असताना ज्वालामुखी अचानक राख फेकू लागला. जहाज साधारण मैलभर अंतरावर नेऊन त्यांनी निरीक्षण केलं. उद्रेक पाच-दहा मिनिटांच्या छोट्या छोट्या उसळ्यांनी होत होता. दिवसा त्यांना दिसले ते फक्त राखेचे ढग. सूर्य मावळल्यावर मात्र मुखातून उडणारी लाल लाव्ह्याची कारंजी आणि उतारावरून वाहणारे ओघळ दिसू लागले.

डोंगर तोच, दिवसही तोच, पण उजेड बदलला आणि दृश्य पालटलं. हजार-अकराशे अंशांचा लाव्हासुद्धा दुपारच्या उन्हात दुरून काळपट धुरासारखाच दिसतो. म्हणून एजंटाला पहिला प्रश्न असा विचारा: जहाज बेटाजवळ किती वाजता पोचतं आणि किती वाजता परत फिरतं? बेट पोर्ट ब्लेअरपासून (आता श्री विजयपुरम्) सुमारे 135 ते 140 किलोमीटर ईशान्येला आहे. म्हणजे जाण्यायेण्यातच कित्येक तास जातात. सकाळी पोचून दुपारी परतणारी फेरी असेल, तर ज्वालामुखी पूर्ण भरात असला तरी तुम्हाला लाल रंग दिसण्याची शक्यता कमीच. पहाटे अंधारात पोचणारी किंवा सूर्यास्तानंतर थांबणारी फेरी असेल तरच लाव्ह्याची गोष्ट बोलावी.

ऋतूचंही तसंच. चवथीच्या सुमाराला तिथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो. दर्या खवळलेला, ढग खाली उतरलेले. फेरी रद्द होण्याची शक्यता मोठी, आणि निघालीच तर अर्ध्याहून अधिक माणसं पोटात ढवळून आडवी होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचा पाऊस येतो, वादळंही त्याच काळात होतात. जानेवारी ते एप्रिल हा काळ सगळ्यांत चांगला. त्यातही मी मार्च-एप्रिल पसंत करतो आणि त्यामागे वाऱ्याचं कारण आहे. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून वाहतो, म्हणजे राख नैर्ऋत्येकडे जाते. बेटाची बघण्यासारखी बाजू पश्चिमेची, कारण तिकडे त्याची भिंत खुली आहे. साहजिकच जहाजं तिकडेच उभी राहतात आणि वारा जोराचा असेल तर राख त्यांच्याच रोखाने येते. शिगम्याच्या आसपास वारा मंदावतो, समुद्रही बराच निवळतो. नातवाच्या परीक्षा आटोपल्या की निघालात तर उत्तम.

निघण्याआधी ज्वालामुखी जागा आहे की नाही, हे घरबसल्या पाहता येतं. नासाचा ‘फर्म्स’ नावाचा नकाशा सर्वांना खुला आहे. जंगलातले वणवे दाखवण्यासाठी तो आहे, पण उपग्रहाला जमिनीवर कुठलीही तापलेली जागा दिसली की तिथे ठिपका उमटतो. बॅरन बेटाच्या जागी गेल्या आठवड्यात वारंवार ठिपके असतील तर तिथे काहीतरी तापलेलं आहे. ठिपके नसले म्हणजे डोंगर थंडच आहे असं मात्र समजू नका, कारण ढग असले की उपग्रहाला काही दिसत नाही. विमानांना राखेचा इशारा देणारं ऑस्ट्रेलियातलं डार्विन इथलं केंद्र या बेटावरही लक्ष ठेवतं, आणि अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या ज्वालामुखी विभागाच्या पानावर बॅरनच्या नोंदी एकत्र मिळतात. एजंटाच्या मोबाइलमधल्या फोटोंपेक्षा या तीन ठिकाणांवर विश्वास ठेवा. ते फोटो कुठल्या वर्षीचे, हे कोण सांगणार?

बेटावर उतरण्याचा विषय मी थोडक्यात संपवतो. पर्यटकांना उतरू देत नाहीत. जवळ जायलाही परवानगी लागते आणि बघायचं ते जहाजावरूनच. कुणी गुपचूप उतरवतो म्हणाला तर त्याच्याबरोबर कुठेच जाऊ नका. अधूनमधून फुटणाऱ्या डोंगराचा धोका हा, की तो शांत दिसतानाच माणसं जवळ जातात. न्यूझीलंडचं व्हाकारी बेट 9 डिसेंबर 2019 रोजी फुटलं तेव्हा तिथे 47 जण होते. त्यांतले 22 दगावले. लाव्हा वगैरे काही आला नव्हता. जमिनीखाली कोंडलेल्या पाण्याची क्षणात वाफ झाली आणि तिने दगड-राख उधळली. डिसेंबर 2023 मध्ये सुमात्रातल्या मारापी डोंगरावर गिर्यारोहक असताना उद्रेक झाला, तिथेही वीसहून अधिक जीव गेले. दोन्ही ठिकाणी डोंगर जागृत आहे हे माहीत होतं. तो नेमका कुठल्या मिनिटाला फुटेल, हे माहीत नव्हतं. ते आजही कुणाला सांगता येत नाही.

तर वेळ संध्याकाळची किंवा पहाटेची, महिना मार्च-एप्रिलचा, आणि पाय जहाजावरच. आता मला ज्याबद्दल मनापासून बोलायचं आहे तिकडे येतो. लाव्हा दिसो वा न दिसो, तिथे बघायचं काय?

बेट जेमतेम तीन किलोमीटर रुंद आहे आणि माथा समुद्रापासून 354 मीटर उंच. आपल्या सत्तरीतले डोंगर त्याहून कितीतरी उंच आहेत. पण समुद्राचा तळ तिथे दोन हजार मीटरहून खोल आहे आणि हा डोंगर त्या तळावरून उठला आहे. म्हणजे तुम्हाला दिसतो तो केवळ शेंडा. जहाज जवळ जाऊ लागलं की आधी बाहेरची गोल भिंत दिसते, बरीचशी हिरवी. फार पूर्वी इथे याहून मोठा डोंगर होता. तो फुटून मधोमध खचला आणि त्याची कड तेवढी उरली, तीच ही भिंत. खचलेल्या खळग्याचा व्यास सुमारे दोन किलोमीटर. त्या खळग्यात नंतरच्या उद्रेकांनी राख आणि दगडगोट्यांचा नवा शंकू रचला. मोठ्या परातीत मधोमध तांदळाची रास घालावी आणि परातीची एक कड मोडलेली असावी, तसा एकूण आकार आहे. मोडलेली कड पश्चिमेला. आतला लाव्हा तिथूनच वाट काढत समुद्रात उतरतो.

पश्चिमेला आलात की आधी भिंतीच्या कापलेल्या बाजूकडे बघा. तिच्यात थर दिसतील. गडद, टणक थर लाव्ह्याचे आणि त्यांच्यामधले फिके, भुसभुशीत थर राखेचे. म्हणजे जुना डोंगरही असाच कधी वाहून, कधी उधळून वाढत गेला होता. मग खालच्या काळ्या पट्ट्यांकडे नजर न्या. सगळे काळे पट्टे एका वयाचे नाहीत. अगदी नवा लाव्हा कोळशासारखा काळा, धारदार ढेकळांचा, त्यावर हिरवं काही नाही. त्याहून जुना किंचित करडा किंवा तांबूस. आणखी जुन्यावर गवत, झुडपं धरू लागलेली. नुसत्या रंगावरून कोणता ओघ कोणत्यावर चढला आहे, हे ओळखता येतं. मी मुलांना दुर्बीण देऊन हेच करायला लावतो. तुमच्या नातवाला वही-पेन्सिल द्या आणि बेटाचं चित्र काढून ओघांना जुन्यापासून नव्यापर्यंत क्रम लावायला सांगा. फोटो काढताना डोळा इतकं बघत नाही.

किनाऱ्यालगत कुठे पांढरी वाफ दिसली तर नीट लक्ष द्या. लाव्हा वरून गोठला तरी आत दीर्घकाळ तापलेला राहतो आणि समुद्राचं पाणी त्याच्या भेगांत शिरलं की वाफ उठते. उद्रेक नसतानाही हे दिसू शकतं. आणि अशा बेटावर जीवही आहेत. वटवाघळं आहेत, उंदीर आहेत, ब्रिटिशांच्या काळात सोडलेल्या शेळ्यांची रानटी झालेली प्रजाही आहे. उद्रेक होऊनही ही प्रजा तिथे टिकून राहिली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता नातवाच्या प्रश्नाकडे येतो. त्याचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. हणजूण-वागातोरला सड्याखाली किनाऱ्यावर पडलेले ते भोकाभोकांचे खडक बहुतांशी जांभा आहेत. आपल्या घरांचे चिरे ज्यातून काढतात तोच दगड. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातला चुना, सिलिका धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरलं, त्यातून जांभा झाला. समुद्राच्या माऱ्याने त्याचा वरचा पापुद्रा काळा पडतो आणि तो लाव्ह्यासारखा दिसू लागतो. ओळखायची रीत सोपी आहे. आपोआप मोडून पडलेला तुकडा घ्या आणि त्याची ताजी बाजू बघा. जांभा आत तांबडा-पिवळा असतो. त्याची भोकं वेडीवाकडी, नळ्यांसारखी एकमेकांत शिरलेली, आणि बऱ्याचदा त्यांत पिवळसर माती असते. लाव्ह्यातली भोकं वायूच्या बुडबुड्यांची, म्हणून ती गोल किंवा लांबट आणि सहसा सुटी सुटी असतात. ताजा तुटलेला लाव्हा आतून करडा-काळा असतो. आणखी एक कसोटी: लादीच्या मागच्या खरबरीत बाजूवर तुकडा घासा. जांभा गंजासारखी रेघ ओढतो, काळा पाषाण, म्हणजे लाव्ह्याचा दगड, तशी ओढत नाही.

पण नातू पूर्ण चुकीचा नाही. खरा लाव्हा गोव्यात आहे. सत्तरीच्या ईशान्य टोकाला, सुर्ल-चोर्ल्याच्या बाजूला, दख्खनच्या काळ्या पाषाणाची कड गोव्यात येते. आपण ज्याला काळवत्री म्हणतो तो हा दगड. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. आज महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यानेच व्यापलेला आहे. आंबोलीला गेलात तर घाटाच्या कापलेल्या बाजूंना तो पाहता येतो. याहून फार जुना, अब्जावधी वर्षांपूर्वीचा लाव्हाही गोव्याच्या पायाच्या खडकांत आहे. दाब आणि उष्णतेने त्याचं रूप पालटून तो हिरवट झाला आहे आणि सवय नसलेल्या डोळ्याला तो लाव्हा वाटतही नाही.

बॅरनसारखा शंकू सत्तरीत का सापडत नाही, हे मला विद्यार्थी नेहमी विचारतात. फरक पाण्यात आहे. अंदमानखाली समुद्रतळाचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, पूर्वेकडे बुडतो आहे. बुडताना तो आपल्या खडकांत मुरलेलं पाणी खोलवर घेऊन जातो. ते पाणी सुटून वरच्या तप्त खडकात शिरलं की त्याचा वितळण्याचा बिंदू खाली येतो आणि शिलारस तयार होतो. वर येताना त्यातली वाफ सुटते, रस फुटून उडतो, राख आणि दगड मुखाभोवतीच पडतात आणि शंकू रचला जातो. दख्खनच्या रसात पाणी कमी होतं. तो पातळ होता, बहुतांशी न उधळता दूरवर वाहत गेला आणि सपाट थर झाले. डोंगर नंतर पावसाने आणि नद्यांनी कोरले.

आणि पुन्हा इथे फुटेल का? नाही. ज्वालामुखीला खालून कारण लागतं: भूपट्ट बुडत असावा, दुभंगत असावा, किंवा खोलवरून उष्णतेचा लोट वर येत असावा. गोव्याखाली यांतलं काहीच नाही. दख्खनचा लाव्हा ज्या उष्ण लोटापासून आला असं बहुतेक अभ्यासक मानतात, तो आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला पितों द ला फुर्नेज हा डोंगर वारंवार पेटत असतो. आपला भूपट्ट त्याच्यावरून सरकत उत्तरेला निघून आला, चार हजार किलोमीटरहून अधिक. गंमत म्हणजे, ज्या भूपट्टावर डिचोली बसली आहे, त्याचीच पूर्वेकडची कड अंदमानखाली बुडते आहे. दोन्ही ठिकाणं एकाच गोष्टीच्या दोन टोकांना आहेत, आणि नातवाला हे कळलं तर बॅरन बेट त्याला परकं वाटणार नाही.

म्हणून जाण्याआधी एखादा रविवार काढून त्याला आधी हणजूणला आणि मग आंबोलीला न्या. दोन्ही दगड हातात घेतलेला मुलगा बेटाकडे वेगळ्या नजरेने बघतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. आंबोलीला दोन काळ्या थरांच्या मधे कुठे विटकरी रंगाचा पट्टा दिसला तर तिथे थांबा. एका लाव्ह्यानंतर दुसरा यायला बराच काळ गेला, तेवढ्यात वरचा भाग झिजून माती झाली आणि नव्या लाव्ह्याने ती भाजून काढली, असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

राहिला दम्याचा प्रश्न. ज्वालामुखीची राख म्हणजे लाकडाची राख नव्हे. ती काचेची आणि खडकाची अतिबारीक, टोकदार भुकटी असते, आणि सोबत गंधकाचे वायू असतात. निरोगी माणसाचेही डोळे आणि घसा झोंबतात, दमेकऱ्याला तर झटका येऊ शकतो. हे त्याच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगून विचारा आणि त्यांनी नको म्हटलं तर त्याला नेऊ नका. हो म्हटलं तर पंप त्याच्या खिशात असू दे, सामानात नको. चांगल्या प्रतीचा एन-95 मास्क आणि चष्मा बरोबर घ्या. घरात कुणी कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर त्या दिवशी नकोत. जहाज राखेच्या रोखाबाहेरच, म्हणजे वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवणार, अंधार पडेपर्यंत थांबणार किंवा पहाटेआधी पोचणार, आणि परवानगी मिळाली नाही किंवा हवामान बिघडलं तर पैसे परत करणार, या तीन गोष्टी एजंटाकडून लेखी घ्या. तो टाळाटाळ करू लागला तर फेरी सोडून द्या.

बाराटांग बेटावरचे चिखलाचे ज्वालामुखी तो त्याऐवजी सुचवेल. ते जरूर पाहा, पण नातवाला आधीच सांगून ठेवा की तिथे शिलारस नसतो. जमिनीखालचा वायू थंड चिखलाला वर ढकलतो आणि त्याचे छोटे उंचवटे होतात. तिकडचा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. गाड्या ताफ्यानेच सोडतात. वाटेत थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे, ती काटेकोर पाळा.